भरतपूरच्या म्हशी आणि पाणपक्षी

राजस्थानातील भरतपूर शहरालगत सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा एक सखल प्रदेश आहे. अजान बांधाचे पाणी कालव्याने आत आले, की तेथे उथळ तळी निर्माण होतात आणि हिवाळ्यात दूरदेशींची बदके व कलहंस त्यांवर उतरतात. केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान ते हेच. पूर्वी ही भरतपूर संस्थानची शिकारभूमी होती. १९३८ साली एकाच दिवशी येथे चार हजारांवर पक्षी मारले गेल्याची नोंद आहे.

सभोवतालच्या खेड्यांना मात्र ही भूमी कुरण म्हणून परिचित होती. त्यांच्या म्हशी तेथे चरत, तळ्यांत डुंबत. माणसे जळण, छपराचे गवत आणि वाळा नेत. अल्प पावसाच्या मुलखात अशी वैरण हेच दुधाच्या धंद्याचे भांडवल असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत महत्त्वाचा भेद केला. अभयारण्यात चराई नियमांखाली चालू शकते. राष्ट्रीय उद्यानात ती सर्वस्वी निषिद्ध आहे. घना राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ च्या नोव्हेंबरात चराई बंद करण्यात आली. ग्रामस्थांनी विरोध केला. पोलिसांच्या गोळीबारात काहींना प्राण गमवावे लागले.

गुरे हटली म्हणजे पक्ष्यांना अधिक निवारा लाभेल, हा बंदीमागील विचार वरवर पाहता निर्दोष वाटतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तज्ज्ञांनीही बंदीचा पुरस्कार केला होता. परंतु त्याच संस्थेने १९८० नंतरच्या दशकात केलेल्या दीर्घ अभ्यासातून उलट चित्र पुढे आले. पास्पालम नावाचे एक गवत ओल्या जमिनीवर तसेच पाण्यावरही पसरते. म्हशी ते खात आणि त्यांच्या वावरण्याने पाणी मोकळे राही. म्हशी जाताच या गवताचे दाट थर तळ्यांवर पसरले. पाण्याचा उघडा पृष्ठभाग आकसला, तळच्या वनस्पतींना सूर्यप्रकाश मिळेना आणि अनेक पाणपक्ष्यांना चरावयास जागा उरली नाही. अर्थात, ज्या म्हशीला पक्ष्यांची वैरीण मानले, ती त्यांची सहायक ठरली.

यावरून चराई सर्वत्र हितकारक असते, असे मात्र समजू नये. अतिचराईने उजाड झालेल्या टेकड्या भारतभर आहेत. कोणत्या भूमीवर, कोणत्या ऋतूत आणि किती गुरे, याचे उत्तर त्या त्या ठिकाणच्या निरीक्षणातूनच मिळू शकते.

पुढे ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. विलायती बाभळीचे रान माजले, तेव्हा ते काढून लाकूड नेण्याच्या कामीही त्यांचे साह्य घेण्यात आले. पक्ष्यांची ओळख करून घेतलेले सायकलरिक्षावाले प्रवाशांना उद्यान दाखवू लागले. तथापि प्रवाशांपासून होणारी मिळकत एका घरी आणि म्हैस विकावी लागल्याची हानी दुसऱ्या घरी, असे घडू शकते. गावाची एकूण प्राप्ती मोजून ही विषमता दिसत नाही. त्यासाठी घरोघरचा हिशेब पाहावा लागतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी व पारंपरिक वननिवासींच्या चराईच्या हक्कास मान्यता दिली आणि संरक्षित क्षेत्रातून त्यांना हलविण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक मानली. घनाचा अनुभव या तत्त्वाला शास्त्रीय पुष्टी देतो. पिढ्यानपिढ्या एखाद्या भूमीवर राबलेली माणसे व त्यांची गुरे त्या निसर्गव्यवस्थेचा घटक बनलेली असतात. त्यांना दूर करावयाचे तर ती तेथे काय करीत होती, हे आधी जाणून घेतले पाहिजे.