बिनटॅगची फ्रेम कुणाची?

स्टोरेजच्या पोर्टवरचा हिरवा दिवा लुकलुकतोय, आयपी पत्ता बरोबर आहे, तरी पिंगला उत्तर नाही. अशा वेळी डेटा सेंटरमध्ये आधी केबल बदलली जाते, मग कार्डावर संशय येतो. खरा घोळ अनेकदा चार बाइटांचा असतो.

एकाच तारेतून बॅकअपची, सर्व्हरची आणि व्यवस्थापनाची वाहतूक वेगवेगळी न्यायची, तर प्रत्येक इथरनेट फ्रेमवर व्हीलॅनचा क्रमांक हवा. ८०२.१क्यू या मानकाने १९९८ मध्ये त्याची जागा ठरवली: पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्याच्या लगेच पुढे. त्या चार बाइटांच्या टॅगमधले १२ बिट क्रमांकासाठी. ० आणि ४०९५ राखीव, उरले ४०९४.

ज्या फ्रेमवर टॅगच नाही, तिचं काय? अनेक व्हीलॅन नेणाऱ्या ट्रंक पोर्टवर एक व्हीलॅन 'नेटिव्ह' असतो, बहुतेक स्विचवर मुळात १ क्रमांकाचा. सोसायटीत विंग न लिहिलेलं पार्सल वॉचमन 'ए' विंगचं धरतो, तशी ही फ्रेम नेटिव्हची धरली जाते. गोची पुढे आहे. नेटिव्हची फ्रेम बाहेर सोडताना स्विच तिचा टॅग उतरवतो.

नेटॅपच्या स्टोरेजमध्ये 'ई०ए' पोर्टवर व्हीलॅन १० केला की 'ई०ए-१०' तयार होतं. ते फक्त १० चा टॅग असलेल्या फ्रेम घेतं; बिनटॅगच्या मूळ 'ई०ए'कडे जातात. आता स्विचवर नेटिव्हही १० च असेल, तर स्टोरेजचा एआरपीचा प्रश्न ('या आयपीचा मॅक पत्ता कोणता?') टॅगसह निघतो आणि स्विच सहसा तो मुकाट घेतो. सर्व्हरवर पॅकेट पकडून पाहा: प्रश्न आलेला दिसतो, उत्तर गेलेलंही दिसतं. पण ते स्टोरेजपाशी पोचतं टॅगविना, मूळ पोर्टवर, जिथे आयपीच नाही. तिथे ते टाकून दिलं जातं आणि स्टोरेज तोच प्रश्न पुन्हा विचारतं.

आयपी मूळ पोर्टवर नेला तरी काम भागतं. मला मात्र नेटिव्हला कुणीच न वापरणारा क्रमांक देणं बरं वाटतं. दुहेरी टॅग लावून परक्या व्हीलॅनमध्ये घुसण्याची जुनी युक्तीही त्याने अडते.

स्टोरेजचे दोन नोड दोन वेगळ्या स्विचना जोडलेले असतील, तर बदल करायचा तो दोन्ही स्विचवर. जोडीतल्या दुसऱ्या नोडचा स्विच राहून गेला, तर एरवी सगळं सुरळीत चालतं. पहिला नोड बंद पडतो, आयपी दुसऱ्यावर सरकतो आणि पिंग थांबतं.