कंदाहार आणि जुळी अपत्ये

आहार आणि शुक्र-आर्तव यांचा संबंध आपल्या शास्त्राने मुळातच मानला आहे. तथापि विशिष्ट अन्नाला विशिष्ट फळ जोडताना सावधगिरी हवी. नायजेरियाच्या ओयो राज्यातील इग्बो-ओरा हे गाव जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील योरुबा समाजात हजार प्रसूतींमागे सुमारे ४५ जुळ्यांच्या, अशी नोंद विसाव्या शतकातील अभ्यासांत आढळते. ग्रामस्थ याचे श्रेय याम कंदाच्या ‘अमाला’ला व भेंडीच्या पाल्याच्या कालवणाला देतात. यातील बहुतेक जुळी दोन स्वतंत्र बीजांपासून होतात. म्हणून याममुळे एफएसएच वाढत असावे, असा तर्क मांडला गेला. तो अद्याप सिद्ध झालेला नाही. आनुवंशिकताही कारण असू शकते.

१९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकन याममधील डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन तयार केले, पण प्रयोगशाळेत. मानवी शरीर हे रूपांतर करू शकत नाही.

आपले कोनफळ व वाराहीकंद याच कुळातले. वंध्यत्वाच्या रुग्णांना कोनफळ आम्ही आहार म्हणून सुचवतो, हार्मोन म्हणून नव्हे. अपत्यासाठी आसुसलेल्या दांपत्याचे वय थांबत नसते. ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ असे सांगून कंदाचे चूर्ण वा मलम देण्यापूर्वी पतिपत्नी दोघांचीही तपासणी झाली आहे ना, हे वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी अवश्य विचारावे, ही विनंती.