तळघरात कोबा करण्याआधी

जुन्या वाड्यातलं तळघर आठवतंय ना? पायाला गार लागणारी मातीची जमीन, कोपऱ्यात मोरी. एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं, "भाजी-बटाटे ठेवायला तळघर नीट करायचंय. आधी कोबा करून घेऊ का?"

ताई, जरा थांबा. माझ्या माहेरी असाच कोबा केला. गवंड्यानं मोरीचं झाकणही सिमेंटखाली गाडलं. श्रावणात गटार तुंबलं, पाणी वर आलं आणि झाकण कुठं आहे तेच कळेना. कोबा फोडावा लागला. बटाट्याची पोती उकिरड्यावर गेली ती वेगळीच.

मातीची जमीन ही तळघराची खरी दौलत. खोलवरची माती उन्हाळ्यात लवकर तापत नाही. तिच्यातली ओल हळूहळू वर येते, हवा गार ठेवते, भाजी सुकू देत नाही. कोबा केला की ती ओल अडते.

मग काम कसं करायचं? पहिली मोरी. ती साफ करून बादलीभर पाणी ओता, झरझर जातं का बघा. उंदीर-सापासाठी लोखंडी जाळी लावा. खाली नहाणी ट्रॅप असेल तर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा. ट्रॅप सुकला की गटाराचा वास आणि वायू घरात शिरतो. झाकण मात्र कायम हाताला येईल असं ठेवा.

दुसरी जमीन. माती चोपून मोरीकडे उतार द्या. वर जाडसर वाळू आणि सुट्या विटा, सिमेंट नको. भिंतींना चुना लावा.

तिसरी हवा. एक झरोका जमिनीलगत, दुसरा समोरच्या भिंतीत छताजवळ, दोन्हींना जाळी. झरोके रात्री उघडे, भर दुपारी बंद.

माल भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवा. बटाटे अंधारात ठेवा. उजेडात ते हिरवे पडतात आणि हिरवा बटाटा खाऊ नये. कांदा-लसूण इथे नको, त्यांना कोरडी हवा लागते. धान्यालाही ओल चालत नाही. पिकती केळी, आंबे भाजीपासून लांब ठेवा, नाहीतर भाजी लवकर पिवळी पडते. आणि हे लक्षात ठेवा, तळघर म्हणजे फ्रीज नव्हे. दूध, शिजवलेलं अन्न तिथे टिकणार नाही. सडका नग दिसला की त्याच दिवशी बाहेर काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धान्याच्या पेवात उतरून माणसं गुदमरल्याचं आपण ऐकलंय. बंद तळघरातही तेच होऊ शकतं. सडणारा माल हवेतला प्राणवायू खातो आणि जड वायू तळाशी साचतो. त्याला वास नसतो, म्हणून कळतही नाही. बरेच दिवस बंद असलेलं तळघर आधी दार-झरोके उघडून चांगलं हवेशीर होऊ द्या. एकटीनं उतरू नका, एक बाई दारात उभी हवी. आतली बाई कोसळली तर मागोमाग उडी घेऊ नका. आरडाओरडा करून माणसं जमवा, १०८ ला फोन करा. तळघरात शेगडी किंवा जनरेटर कधीच लावू नका.

तेव्हा ताई, सिमेंटची पोती आणण्याआधी बादलीभर पाणी घ्या आणि मोरीत ओतून बघा. कामाची सुरुवात तिथूनच.