कोंबडीचे वय आणि अंडी

तलंग सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. पहिल्या वर्षी ती सगळ्यांत जास्त अंडी देते. त्या वर्षी १०० दिली, तर दुसऱ्या वर्षी साधारण ८० देते. पुढे अंडी दर वर्षी कमीच होतात. दाणा मात्र तेवढाच लागतो!

पण मंडळी, अंडी थांबली म्हणून लगेच कोंबडी विकू नका. आधी नीट बघा. ती खुडूक असेल, नाहीतर तिची पिसे झडत असतील. थंडीत दिवस लहान होतो, तेव्हाही अंडी घटतात. अशी कोंबडी पुन्हा अंडी देते.

मग म्हातारी कोणती, हे कसे कळणार? आता तुम्हांला लिहिता येते. कोणती तलंग कधी अंड्यावर आली, ते वहीत लिहून ठेवा. वही बघा, मगच कोंबडी बाजारात न्या.