पाणमांजर आपल्या शिवारात

सकाळी मोटार चालू करायला तुम्ही विहिरीवर गेलात, सहज आत डोकावलात आणि पाण्यात कुत्र्याएवढे लांबट, केसाळ जनावर पोहताना दिसले, तर काय कराल? विचारायचे कारण असे, की २०२५ साली इंदापूर तालुक्यात हे खरोखरच घडले. शेतातल्या विहिरीत पाणमांजर सापडले आणि वन खात्याच्या मदतीने ते बाहेर काढावे लागले. भिगवणला रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईहून मोटारी भरभरून माणसे येतात. पण आपल्याच बांधाशी हे जनावर वावरते, याची खबर आपल्यातल्याही पुष्कळांना नव्हती.

तसे ते येथे असावे यात नवल नाही. इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा, आणि नीरा-नृसिंहपूरला दोघींचा संगम. बारामतीची कऱ्हाही सोनगावला नीरेलाच मिळते. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. गावे उठली, पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले. ज्यांची घरे बुडाली त्यांचे दुःख त्यांनाच ठाऊक. पण त्या पसरलेल्या पाण्यात मासा वाढला. भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात ते तुम्ही पाहिलेच असतील. मासा भरपूर आणि काठाला झाडोरा, एवढे असले की पाणमांजराला आणखी काय हवे?

नावाचा घोटाळा आधी सोडवू. पाणमांजराला काही भागांत ऊद किंवा हूद म्हणतात. त्यामुळे उदमांजर आणि हे एकच, असा पुष्कळांचा समज होतो. उदमांजर निराळे. ते रात्री झाडांवरून, कौलांवरून फिरते आणि फळे खाते. पाणमांजर खरे तर मांजराच्या जातीचेही नाही. अंगाने लांब, पाय आखूड, बोटांमध्ये बदकासारखा पडदा, शेपूट बुडाशी जाड आणि पुढे चपटी. वजन सात ते अकरा किलो, आणि शेपटीसकट लांबी मीटरभराच्या वर. केस इतके दाट आणि तुळतुळीत, की पाणी कातडीपर्यंत पोहोचतच नाही. या केसांनीच त्याचा घात केला. कातड्याच्या व्यापारापायी देशोदेशी ही जनावरे मारली गेली.

ते एकटे क्वचितच दिसते. नर, मादी आणि मोठी झालेली पिले असे सारे कुटुंब मिळून शिकार करते. शीळ घातल्यासारख्या आवाजात ती एकमेकांना हाका मारतात. मादी सुमारे दोन महिने गाभण राहते आणि काठाच्या बिळात किंवा कपारीत विते. पिलांचे डोळे उशिरा उघडतात, आणि गंमत म्हणजे पाण्यात कसे उतरायचे हे त्यांना आईबापांनी शिकवावे लागते.

मासेमार बांधव म्हणतील, तुमचे कौतुक राहू द्या, आमची जाळी फाटतात त्याचे काय? ही तक्रार खोटी नाही. मोठे पाणमांजर दिवसाला किलोभर मासा खाते आणि जाळ्यात अडकलेला आयता मासा ते सोडणार नाही. जाळे रात्रभर पाण्यात न ठेवता लवकर काढले तर नुकसान कमी होते. बांगलादेशात काही मासेमार तर याच जातीची पाणमांजरे पाळून त्यांच्याकडून मासे जाळ्यात हाकून घेत आले आहेत. आपल्याकडे मात्र तसे करायला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाणमांजर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारणाऱ्याला किमान तीन वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

आता विहिरीकडे वळू. पोहणारे जनावर विहिरीत अडकतेच कसे, असे तुम्ही विचाराल. नदीला काठ असतो. विहिरीची भिंत उभी असते. पाणमांजराला अंग कोरडे करायला, विसावा घ्यायला जमीन लागते. ती मिळाली नाही की ते थकते. शेततळ्याचेही तेच. प्लास्टिकचा कागद इतका निसरडा, की ससा, मुंगूस, खोकड, कोणीही पाणी प्यायला उतरले की वर येत नाही. विहिरीला कमरेएवढा कठडा बांधावा, म्हणजे आपली लेकरे आणि शेळ्याही वाचतील. शेततळ्याला निदान एका कोपऱ्यात काथ्याचे जाळे किंवा गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. खर्च म्हणाल तर जुना दोरही चालतो.

जनावर आत दिसलेच तर दगड मारू नका, गर्दी करू नका. लाकडी फळी किंवा सुकलेले ओंडके दोराने सोडा, म्हणजे त्याला टेकायला जागा होईल. मग वन खात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. हाताने धरायला जाऊ नका. दात फार तीक्ष्ण असतात.

पाण्यापासून दूरही अशी केसाळ मंडळी आहेत. ऊसतोड चालू असताना फडात मांजराची पिले सापडतात आणि कोणीतरी 'बिबट्या, बिबट्या' म्हणून ओरडते. पुष्कळदा ती रानमांजराची असतात. बिबट्याची पिले असण्याचीही शक्यता असते, म्हणून जवळ जाऊ नका, वन खात्याला कळवा. पिले घरी नेऊ नका. तेवढा तुकडा सोडून तोड पुढे न्या. आई बहुधा रात्री येऊन त्यांना हलवते. एक रानमांजर दिवसाला तीन-चार उंदीर सहज फस्त करते. तेवढे काम आपल्या घरची मनी करते का, ते तुम्हीच बघा!

माळावरचे खोकड म्हणजे शेपटीच्या काळ्या टोकाचा लहानसा कोल्हा. कडबनवाडीच्या किंवा शिर्सुफळच्या माळावर नशिबाने दिसेल. उंदीर, भुंगेरे, खेकडे, बोरे, काही वर्ज्य नाही. उंदरांसाठी विष घालाल तेव्हा मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, कारण ते पहिल्यांदा खोकडाच्या तोंडी लागतात.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की काठाचा गाळ उघडा पडतो. सकाळी लवकर तिकडे गेलात तर खाली बघत चाला. पाच बोटांचे, मध्ये पडद्याची पुसट खूण असलेले ठसे, आणि जवळच्या दगडावर माशांचे खवले भरलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली, तर कुटुंब तिथेच जवळपास आहे. गलका न करता थोडा वेळ लांबून उभे राहा. ऊन चढायच्या आत ती एकदा तरी डोके वर काढतात.