कच्चा आहार आणि पंगतीचे पान

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात वाढलेले पान नाकारणे म्हणजे यजमानाचा मान न राखणे होय. मग ज्याने चूल आणि दूधदुभते दोन्ही वर्ज्य केले, त्याने ओतूरच्या लग्नाला किंवा घोडेगावच्या बारशाला जाऊच नये काय? आम्हांस तसे वाटत नाही.

वाट आपल्या घरातच आहे. एकादशी करणाऱ्यास कोणी भाकरीचा आग्रह करीत नाही. कारण त्याचा उपवास सर्वांस आधीच ठाऊक असतो. तद्वत आदल्या दिवशी निरोप धाडावा : काकडीची कोशिंबीर दही-फोडणी घालण्यापूर्वी वाटीभर बाजूस काढावी. जोडीला मोडाचे मूग, ओले खोबरे, केळी आणि हंगामात जुन्नरची द्राक्षे असली की पान भरते, आणि पाहुणा पंगतीतच बसतो.

दोन पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. राजमा मोड आणूनही कच्चा खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य नीट उकळल्यावाचून नाहीसे होत नाही. ब-१२ जीवनसत्त्व निव्वळ वनस्पतींतून पुरेसे मिळत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळे घ्यावे.

१९२९ साली गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. प्रकृती बिघडताच त्याच वर्षी तो थांबवला आणि तसे जाहीर लिहिले. आहाराचा नेम असा मोकळ्या मनाने करावा. तो आपल्यापुरता असतो. शेजाऱ्याच्या भाकरीवर प्रवचन सुरू झाले की पंगतीची गोडी गेलीच म्हणून समजावे.