मंडई उठल्यावर

भाऊबीज झाली की नागपूरजवळच्या मौदा तालुक्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा आकाशपाळणे, फुगेवाले, खाऊची दुकानं. रात्री दंडार, नाहीतर दुय्यम खडी गंमत. ढोलकी कडाडते, दोन शाहीर सवाल-जवाबाला उभे राहतात, नाच्या आणि सोंगाड्या पहाटेपर्यंत माणसांना हलू देत नाहीत. फिरत्या कलावंतांचा इतिहास आपण अशा रंगलेल्या रात्रींवरूनच लिहितो. खेळ बंद असताना त्यांची चूल कशी पेटते, हे कुणी विचारत नाही. कला टिकते की मरते, याचा निकाल मात्र त्याच महिन्यांत लागतो.

खडी गंमतवाल्याला शेतीचा आधार आहे. पावसाळ्यात तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला असतो. पलीकडे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र. तिथला हंगामही दिवाळी ते होळी, म्हणजे धान हाती आल्यानंतरचा. पीक आलं की कलावंत मोकळा होतो आणि प्रेक्षकाच्या खिशातही चार पैसे असतात. हे गणित जुळलं, म्हणून ही रंगभूमी जगली.

दुसरा आधार राजाश्रयाचा. कुरुंदवाड संस्थानात घोड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. छत्रे ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे शागीर्द. गुरूचे पुत्र रहिमत खाँ हलाखीत असताना त्यांना छत्र्यांनी जवळ केलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. खाँसाहेबांची अखेर 1922 साली कुरुंदवाडातच झाली. तंबूच्या कमाईवर एका घराण्याचा गळा जगला, ही आपल्या संगीताची मोठी ठेव आहे.

डोंबारी, दरवेशी, मदारी, बहुरूपी यांना ना बांधी मिळाली, ना संस्थान. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अनेक भटक्यांवर जन्मानंच शिक्का मारला. 1952 साली तो कायदा रद्द झाला, पण संशय उरला. अस्वल-माकडाच्या खेळांवर 1998 मध्ये बंदी आली आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं सर्कशीत मुलांना राबवण्यास मनाई केली. दोन्ही निर्णय योग्यच होते. मात्र ज्यांचा धंदा गेला, त्यांच्या हाताला दुसरं काम देण्याची तितकी घाई कुणी केली नाही. 2012 मध्ये नागपूरच्या कळमना भागात नाथजोगी बहुरूप्यांना आणि 2018 मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात पाच भिक्षुकांना जमावानं ठार मारलं. कळमना मौद्याहून फार लांब नाही.

या माणसांना मंचावरच्या शालीपेक्षा घराचा उतारा, रेशनकार्ड आणि मुलांच्या शाळेचा दाखला अधिक गरजेचा आहे. ज्येष्ठ कलावंतांसाठी सरकारी मानधन आहे. पण ज्याला गावच नाही, त्यानं रहिवासाचा पुरावा आणायचा कुठून? मंडईसाठी वर्गणी काढणाऱ्या प्रत्येक गावानं आलेल्या एका फिरस्त्या कुटुंबाची कागदपत्रं पुरी करून द्यावीत. पावसाळ्यात फिरस्त्याला हक्काचं छप्पर मिळालं, तरच पुढच्या दिवाळीत तो खेळ घेऊन येईल.